सार्वजनिक जागेतील लाकडी बाके गुळगुळीत आणि कुसळमुक्त कशी ठेवावीत?

पाऊलवाट

आमच्या वसाहतीच्या सामाईक बागेत बिडाच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या बसवलेली बाके आहेत. बसवली तेव्हा त्यांवर वॉर्निशचा चकचकीत थर होता. आता त्याचे पापुद्रे सुटले आहेत, उघडे पडलेले लाकूड राखाडी झाले आहे आणि बैठकीच्या पुढच्या कडेवरून तळहात फिरवला की उभे राहिलेले तंतू टोचतात. मध्यंतरी एका लहान मुलीच्या मांडीत लांबलचक कुसळ शिरले व ते काढण्यासाठी तिला दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हापासून हा विषय प्रत्येक बैठकीत निघतो आणि प्रत्येक बैठकीत पुढे ढकलला जातो.

काहींच्या मते सगळे घासून पुन्हा वॉर्निश मारावे. काहींना लाकूड काढून टाकून प्लास्टिकच्या पट्ट्या बसवायच्या आहेत. उरलेल्यांना राखाडी रंगच शोभतो असे वाटते, म्हणून त्यांना काहीच करायचे नाही. लाकूड शक्यतो टिकवावे असे माझे मत आहे, पण त्यासाठी नेमके काय करावे आणि ते किती वेळा करावे लागेल, हे मला सभेत पटवून सांगता येत नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

रंधेवाला

वॉर्निश पुन्हा मारण्याआधी ते का सुटले, हे पाहायला हवे. वॉर्निशचा थर लाकडाच्या वर बसतो, आत मुरत नाही. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि ही हालचाल रुंदीच्या दिशेने होते. लांबीत ती जवळजवळ नसते. कडक थराला ही ओढाताण झेपत नाही, त्यामुळे त्याला केसासारखी बारीक चीर पडते, तिच्यातून पाणी आत जाते आणि थराखाली अडकून बसते. उघडे लाकूड पाऊस थांबल्यावर वाळते तरी, फाटक्या वॉर्निशखालचे लाकूड मात्र वाळत नाही. तुमच्या बाकांवर नेमके हेच झालेले दिसते.

दुसरी गोष्ट कडांची आहे. पट्टीची कड काटकोनात सोडली असेल तर कोणताही रंग तिथे सर्वांत पातळ बसतो आणि तिथूनच सुटू लागतो. कड किमान 3 मिलिमीटर त्रिज्येने गोल करून घ्यावी. मांडी घासते ती पुढच्या पट्टीच्या वरच्या कडेवर, त्यामुळे ती याहूनही जास्त गोल केली तरी चालेल.

तिरपी_रेघ

रंधेवाला यांनी पाण्याबद्दल लिहिले आहे, मी उन्हाबद्दल लिहिते. लाकडातील सेल्युलोजच्या तंतूंना लिग्निन नावाचे द्रव्य एकत्र धरून ठेवते. उन्हातील अतिनील किरण हे लिग्निन मोडतात व मोडलेले द्रव्य पावसाने धुऊन जाते. मागे उरतात ते सुटे, फिकट तंतू. त्यांवर धूळ आणि बुरशी बसली की आपल्याला परिचित असलेला राखाडी रंग येतो. ही सगळी घडामोड अगदी वरच्या थरात चालते. अतिनील किरण लाकडात साधारण 0.075 मिलिमीटरच्या पलीकडे पोहोचत नाहीत. उघड्यावर राहिलेल्या मऊ लाकडाची झीज शतकभरात सुमारे 6 मिलिमीटर होते, असे मानले जाते.

यातून धागाकर्तीला उपयोगी पडेल असा निष्कर्ष निघतो. राखाडी झालेले लाकूड कुजलेले नसते. वरचा अर्धा मिलिमीटर घासून काढला तर खाली निरोगी लाकूड मिळते. परंतु त्या सुट्या तंतूंवर थेट नवा रंग किंवा वॉर्निश दिले, तर ते लाकडाला न धरता तंतूंनाच धरते आणि तंतूंसकट गळून पडते.

उंटावरचा_शहाणा

आमच्या बागेत बाकांना कुसळे येत नाहीत. कबुतरांनी त्यांवर जो जाड थर दिला आहे, त्याच्यापुढे बाजारातले एकही वॉर्निश टिकणार नाही.

दुपारची_सावली

उंटावरचा_शहाणा, हा थर कोरडा असताना खरवडू नका, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरू शकते. आधी पाण्याने भिजवावा व मग पुसून घ्यावा. विनोदाला गंभीर उत्तर दिल्याबद्दल क्षमस्व, पण बाके साफ करणारे स्वयंसेवक बहुतेक वेळा आमच्यासारखे ज्येष्ठ नागरिकच असतात.

शिडाचे_जहाज

वॉर्निशवर सरसकट टीका होते आहे, ती मला मान्य नाही. होड्यांवरील लाकूड आपल्या बाकांपेक्षा कितीतरी जास्त ऊन आणि खारे पाणी सोसते आणि तरीही ते वर्षानुवर्षे आरशासारखे राहते. त्यासाठी अतिनील किरण शोषणारे घटक घातलेले लवचीक वॉर्निश मिळते. घरातील फर्निचरसाठी बनवलेले पॉलियुरेथेन वॉर्निश बाहेर वापरायचे आणि मग वॉर्निश टिकत नाही म्हणायचे, हा वॉर्निशवर अन्याय आहे. पहिला हात पातळ करून मुरवायचा, मग एकावर एक पुरेसे हात द्यायचे, आणि थर फाटण्याची वाट न पाहता दरवर्षी हलके घासून वर ताजा हात द्यायचा.

रंधेवाला

शिडाचे_जहाज यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यातले ‘दरवर्षी’ हे कलमच निर्णायक आहे. होडीला मालक असतो. तो तिच्यावर जीव टाकतो व हंगाम संपला की तिला झाकून ठेवतो. सार्वजनिक बाकावर कोणी सायकल टेकवतो, कोणी बुटांसह उभा राहतो, कोणी किल्लीने नाव कोरतो, आणि एक वर्ष देखभाल चुकली की थर फाटतो. फाटलेल्या वॉर्निशची दुरुस्ती जागच्या जागी होत नाही. कडेचा डाग दिसू द्यायचा नसेल तर सगळे खरवडून लाकडापर्यंत जावे लागते.

तेलाचे तसे नाही. मुरणारे तेल संपते, पण सोलून निघत नाही. जिथे लाकूड कोरडे दिसेल तिथे नायलॉनच्या ब्रशने धुवावे, वाळल्यावर हलके घासावे आणि पुन्हा तेल द्यावे. उन्हातल्या बैठकीला हे वर्षातून एकदा आणि सावलीतल्या बाकाला कदाचित एक वर्षाआड करावे लागेल. काम वारंवार करावे लागते, पण प्रत्येक वेळी ते थोडेच असते आणि कोणालाही शिकवता येते. शिवाय चुकलेल्या वर्षाची भरपाई पुढच्या वर्षी करता येते.

तिरपी_रेघ

त्यात एक भर घालते. अगदी पारदर्शक तेल पाणी थोडेफार अडवते, परंतु उन्हापासून जवळजवळ काहीच संरक्षण देत नाही. किरण अडवतात ते रंगद्रव्याचे कण. म्हणून किंचित रंग असलेले, लाकडी छटेचे तेल घ्यावे. ते लावल्यावर ठरलेल्या वेळाने उरलेले तेल फडक्याने पुसून घेणे अत्यावश्यक आहे; पृष्ठभागावर राहिलेले तेल चिकट होते, त्याला धूळ धरते आणि बसणाऱ्याचे कपडे खराब होतात. मग सभेत ‘तेल नको’ असा ठराव मंजूर होतो.

काडेपेटी_नको

तेलाचा विषय निघालाच आहे तर एक इशारा देणे भाग आहे. अळशीचे तेल वाळते म्हणजे ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलात भिजलेली फडकी चुरगळून डब्यात किंवा पिशवीत टाकली तर ही उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि ठिणगीशिवाय, काही तासांत फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपताच फडकी मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत. बागेतील अवजारांच्या खोलीत ती रात्रभर कधीही ठेवू नयेत.

मधली_फळी

घासण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. आधी सगळे स्क्रू तपासावेत. वर आलेला स्क्रू सँडपेपर फाडतो आणि कपडेही फाडतो. सुरुवात 60 किंवा 80 नंबरच्या पेपरने करावी व 120 वर थांबावे. त्याहून बारीक पेपर वापरला तर हाताला छान लागते, पण लाकडाची छिद्रे बुजल्यासारखी होऊन तेल कमी मुरते. घासायचे ते नेहमी रेषांच्या दिशेने. आडवे घासले तर तंतू तुटून त्यांची टोके उभी राहतात आणि ज्यासाठी हा खटाटोप चालला आहे तेच पुन्हा तयार होते.

पहिल्यांदा घासून झाले की ओल्या फडक्याने पट्टी पुसावी आणि वाळू द्यावी. दबलेले तंतू पाण्याने फुगून उभे राहतात. मग 120 नंबरने फक्त ती टोके काढावीत. ही पायरी गाळली तर पहिल्याच पावसात बाक पुन्हा खरखरीत होते आणि कारागिराला बोल लागतो.

लांब ढलपी अर्धवट सुटली असेल तर ती ओढून काढू नये, कारण ती ओढताना रेषेबरोबर खोल जाते. पटाशीच्या धारेने तिच्या मुळाशी आडवा छेद द्यावा व मग ती उचलावी, किंवा खाली बाहेर टिकणारा पाणीरोधक डिंक भरून शिकंजात दाबून ठेवावी.

रंधेवाला

मधली_फळी यांच्या शेवटच्या परिच्छेदावरून आठवले. अशा लांब ढलप्या सगळ्याच पट्ट्यांवर उठतात का, की काहींवरच? धागाकर्तीने प्रत्येक पट्टीच्या टोकाला जाऊन झाडाच्या वाढीच्या वलयांच्या रेषा पाहाव्यात. त्या कमानीसारख्या, म्हणजे फुगवटा वर आणि दोन्ही टोके खाली अशा दिसत असतील, तर पट्टीची सालीकडची बाजू वर आहे. उलट वाटीसारख्या दिसत असतील, तर गाभ्याकडची बाजू वर आहे. गाभ्याकडच्या बाजूवर वलयांचे कठीण थर जिभेसारख्या टोकदार आकारात पृष्ठभागावर येऊन संपतात. ओल आणि ऊन यांच्या आलटून पालटून होणाऱ्या माऱ्याने कठीण थर खालच्या मऊ थरापासून सुटतो आणि ती जीभ वर उचलली जाते. मांडीत जाते ते लांब कुसळ बहुधा असेच तयार होते. म्हणून बैठकीच्या पट्ट्या सालीकडची बाजू वर ठेवून बसवाव्यात.

जुना_सुतार

रंधेवाला, याला माझा विरोध आहे. आम्हाला नेमके उलटे शिकवले गेले. फळी वाळताना तिच्या कडा सालीच्या दिशेने वळतात. सालीकडची बाजू वर ठेवली तर फळीची पन्हळ होते आणि तिच्यात पाणी साचते. गाभ्याकडची बाजू वर असेल तर फळी मधे किंचित उंच राहते व पाणी दोन्हीकडे निथळते.

रंधेवाला

जुना_सुतार, आपण म्हणता ते रुंद आणि ओल्या फळीसाठी योग्यच आहे. परंतु वाक किती पडणार हे रुंदीवर ठरते. बाकाची पट्टी साधारण 60 ते 70 मिलिमीटर रुंद असते आणि नीट वाळवलेले लाकूड वापरले असेल तर तिच्यात पडणारी पन्हळ जेमतेम जाणवेल इतकीच असते. बैठकीला मागच्या बाजूस थोडा उतार दिला व पट्ट्यांत फट ठेवली की पाणी निघून जाते. ढलपी मात्र अरुंद पट्टीवरही उठते. रुंद फळ्यांच्या ओट्यासाठी मी आपले ऐकेन, बाकासाठी सालीकडची बाजूच वर ठेवीन. आणि खर्च परवडत असेल तर वलये उभी दिसतील अशी चिरलेली पट्टी घ्यावी. ती कमी फुगते, कमी वाकते आणि तिच्यावर अशा ढलप्या उठत नाहीत.

जुना_सुतार

अरुंद पट्टीपुरते मान्य. उभ्या चिरीच्या लाकडाबद्दल तर वादच नाही.

प्लास्टिकप्रेमी

एवढा अभ्यास करण्यापेक्षा लाकूड-प्लास्टिक मिश्र पट्ट्या बसवून मोकळे का होत नाही? त्यांना कुसळे येत नाहीत, तेल लागत नाही आणि वाळवीही लागत नाही.

तिरपी_रेघ

कुसळे येत नाहीत हे मान्य, पण त्या पट्ट्या उन्हात लाकडापेक्षा जास्त तापतात आणि वजनाखाली हळूहळू वाकून तशाच राहतात, त्यामुळे त्यांना कमी-कमी अंतरावर आधार लागतात. तुमच्या सांगाड्यातील अंतर लाकडासाठी ठरवलेले असेल. त्याच अंतरावर मिश्र पट्ट्या बसवल्या तर मधे झोळ पडेल. धातूचे तर विचारूच नका. लाकडाची उष्णतावाहकता 0.1 ते 0.2 वॅट प्रति मीटर-केल्विन इतकीच असते आणि साध्या पोलादाची 50 च्या आसपास. लाकूड भर उन्हात किंवा कडक थंडीतही बसण्याजोगे वाटते ते यामुळे.

उष्णतेची प्रक्रिया केलेले लाकूड हाही पर्याय सुचवला जातो. ते कुजायला चांगलेच अवघड असते, पण प्रक्रियेत ठिसूळ होते आणि त्याची कुसळे बारीक व तीक्ष्ण निघतात. बैठकीसाठी घेणार असाल तर कडांकडे दुप्पट लक्ष द्यावे लागेल.

पाण्याची_टाकी

आमच्याकडे दर महिन्याला जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने बाके धुतली जातात आणि ती अगदी नव्यासारखी दिसतात. हा सोपा उपाय कोणी कसा सुचवला नाही?

मधली_फळी

नव्यासारखी दिसतात, कारण फवारा राखाडी तंतूंबरोबर मऊ लाकूडही उडवून देतो. वाळल्यावर हात फिरवून पाहा. कठीण वलये उंचवट्यासारखी लागतील आणि मधे चर पडलेले असतील. साधे साबणपाणी व मऊ ब्रश पुरेसा असतो. हिरवट शेवाळ फार असेल तर सोडियम परकार्बोनेटचे द्रावण चालते. पोलादी तारेचा ब्रश किंवा स्टीलवूल मुळीच नको. त्याचे कण लाकडात अडकतात आणि टॅनिन असलेल्या लाकडावर ते ओले झाले की काळे-निळे डाग पडतात. तसे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने जातात, पण ते विषारी असल्याने हातमोजे आणि चष्मा घालावा व शेवटी भरपूर पाण्याने धुवावे.

घट्ट_नट

डागांचे दुसरे उगमस्थान म्हणजे स्क्रू. स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. समुद्राजवळ असाल तर 316 प्रतीचे, एरवी 304 चालते. खिळे कधीही नकोत, कारण लाकडाच्या फुगण्या-आकसण्याने ते हळूहळू वर येतात. गोल डोक्याचा आरपार बोल्ट सर्वांत चांगला, कारण तो खालून सोडवून पट्टी बदलता येते. बोल्टचे भोक थोडे सैल ठेवावे, म्हणजे पट्टीला हलायला जागा राहते आणि ती फुटत नाही.

पट्ट्यांमधील फटीविषयी. पाणी निथळण्यासाठी ती हवीच, पण खेळण्याच्या साधनांसाठीच्या ईएन 1176 या युरोपीय मानकात 8 ते 25 मिलिमीटरची जागा लहान मुलांच्या बोटांसाठी अडकण्याची जागा म्हणून तपासली जाते. बाकाला तो नियम जसाच्या तसा लागू होत नाही, तरी मुले जिथे जास्त असतात तिथे मी फट 8 च्या आत ठेवतो आणि त्यात साचणारा पालापाचोळा काढायला सांगतो. पाचोळा साचला की फट असून नसल्यासारखी होते.

दुपारची_सावली

तपासणीची एक युक्ती सांगते. पायात घालायचा जुना नायलॉनचा लांब मोजा हातात घालून तो पट्टीवरून दोन्ही दिशांनी हळू फिरवावा. डोळ्यांना न दिसणारे कुसळही त्यात लगेच अडकते आणि हाताला इजा होत नाही. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांनाही हे काम देता येते. बाकावरून उठताना आम्ही ज्येष्ठ लोक दोन्ही तळवे कडेवर टेकवून जोर देतो, म्हणून पुढची कड आणि हात टेकायची जागा आधी तपासावी. पाठीचा वरचा भाग मागाहून पाहिला तरी चालेल.

काडेपेटी_नको

घासण्याआधी जुन्या रंगाचाही विचार करावा. फार जुन्या रंगात शिसे असू शकते आणि जुन्या प्रक्रिया केलेल्या, हिरवट छटेच्या लाकडात तांबे-क्रोमियम-आर्सेनिकचे मिश्रण असू शकते. अमेरिकेत घरगुती वापरासाठी अशी प्रक्रिया 2003 च्या अखेरीस थांबवली गेली, परंतु त्याआधीचे लाकूड अजूनही उभे आहे. शंका असेल तर कोरडे घासू नये, आधी तपासून घ्यावे. निव्वळ लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये तिला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. चांगला मास्क वापरावा आणि घासताना मुलांना दूर ठेवावे.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. रंधेवाला यांच्या सांगण्यावरून सगळ्या पट्ट्यांची टोके पाहून आले. ज्या पट्ट्यांवर लांब ढलप्या उठल्या आहेत, त्यांतील बहुतेकांवर वलये वाटीसारखी दिसतात. कमानीसारखी वलये असलेल्या पट्ट्या राखाडी आणि खरखरीत आहेत, पण त्यांवर ढलप्या जवळजवळ नाहीत. पट्ट्या आरपार बोल्टने बसवलेल्या आहेत व चारही कडा सारख्या आहेत. तेव्हा नवीन लाकूड घेण्याऐवजी वाटीवाल्या पट्ट्या नुसत्या उलटवल्या तर चालेल का? सभेत हा प्रस्ताव सर्वांत स्वस्त म्हणून तरी मंजूर होईल.

उंटावरचा_शहाणा

सभेत हे सांगताना ‘पलटी मारली’ असा शब्दप्रयोग कृपया टाळावा.

रंधेवाला

चालेल, आणि चांगले चालेल. मात्र उलटवण्याआधी खालची बाजू तपासावी. पट्टी जिथे बिडाच्या सांगाड्यावर टेकते तिथे ओल धरून राहते. त्या जागी टोच्याने दाबून पाहावे. टोक सहज आत गेले किंवा लाकूड तुकड्या-तुकड्यांनी सुटले, तर ती पट्टी कुजली आहे आणि बदलावीच लागेल. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणून पुन्हा बसवताना सांगाडा आणि पट्टी यांच्यामध्ये बोल्टभोवती पातळ प्लास्टिकचा वॉशर घालावा. त्यामुळे हवा खेळती राहील आणि बिडाचे डागही पडणार नाहीत.

जी बाजू आता खाली जाईल तिच्यावरच्या सुट्या ढलप्याही काढाव्यात. बसणाऱ्यांची बोटे पट्टीच्या खालून जातात आणि मुलांची तर हमखास जातात.

शिडाचे_जहाज

पट्ट्या सुट्या झाल्याच आहेत तर तेल सहाही बाजूंना द्यावे आणि टोकांना सर्वांत आधी व सर्वांत जास्त. टोकाच्या आडव्या छेदातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने आत जाते. टोक तेल पीत असेल तोवर पुन्हा पुन्हा देत राहावे. वॉर्निशचा पक्ष मी सोडलेला नाही, पण या बाकांसाठी तेलाला माझी हरकत नाही.

पाऊलवाट

बोल्टची डोकी सध्या वरच्या बाजूला खोबणीत बसवलेली आहेत. पट्टी उलटवल्यावर ती खोबण खाली जाईल आणि वर साधे भोक येईल, त्याचे काय करावे?

घट्ट_नट

वरच्या बाजूला त्याच भोकावर नवी खोबण पाडावी. डोके पृष्ठभागापेक्षा 2 ते 3 मिलिमीटर खाली बसेल इतकीच खोल, त्याहून जास्त नको, कारण तिच्यात पाणी साचते. खालची जुनी खोबण लांबी (पुट्टी) भरून बुजवू नये. ती उघडी राहिली तर वाळते. बुजवली तर भरलेला मसाला काही काळाने सैल होतो आणि त्याच्यामागे पाणी अडकते. तिला आतून तेल द्यावे. नट पूर्ण आवळून पहिला पाऊस होऊन गेला की पुन्हा एकदा तपासावा, कारण तोवर लाकूड नव्या जागेवर बसलेले असते.